उजवा खांदा आणि सात नंबरची काठी

५ मे १९५६, कुंभकोणम्
प्लास्टर काढून सात आठवडे. उ. हात खांद्याच्या वर जात नाही. कोनमापक लावून पाहिलं: ९५ अंश. मद्रासहून ऑफिसचं पत्र. १८ जूनला डॉक्टर तपासणार. ड्रॉइंग बोर्डाच्या वरच्या कडेपर्यंत हात पोचला तर जागा माझी, नाहीतर दुसऱ्याला देणार.

७ मे
काका निलगिरीत चहाच्या मळ्यावर नोकरीला असताना गोल्फ शिकले. आज पेटीतून सात नंबरची काठी काढली. म्हणाले, "भिंतीशी कसरत करतेस तेव्हा तोंड बघ आरशात. उद्या सकाळी नदीत ये." कावेरीत सध्या नुसती वाळू.

८ मे
वीसदा फिरवली. चेंडूला चारदा लागली. खांदा ठणकतो. घरी काकू: "तांदळाचे वडाम वाळत घालायला बोलावलं की हात दुखतो, आणि काठी फिरवायला..." पुढचं ऐकायला थांबले नाही.

१५ मे
काका गोल्फ काठ्या वाहणाऱ्या तमिळ कॅडीकडून शिकले. त्यामुळे सूचना तमिळमध्ये, रागावणं मराठीत. आज मी हात ओढून वर नेत होते, ते ओरडले, "अंगे! अंगे!"
मला वाटलं, अंगाने. आमच्या घरच्या जुन्या मराठीत तसंच म्हणतात. हात सैल सोडले, धड फिरवलं. हात मागोमाग आपोआप वर गेले. दुखलं नाही. चेंडू थेट पलीकडच्या काठाला.
काका: "काय गे, त्या माडाकडे बघ म्हणत होतो! अंगे म्हणजे तिथं. मद्रासला जाऊन तमिळ विसरलीस?"
काका वाळूत बसून हसत राहिले. मीही. बऱ्याच महिन्यांनी.

१६ मे
मोजलं. ९८. म्हणजे खांदा जवळजवळ तेवढाच. उंची धडाच्या फिरण्यामुळे. नोंद खरी ठेवावी.

२३ मे
वाळूतल्या खड्ड्यांतून पाणी भरायला आलेल्या बायका रोज काठावर थांबतात. आज एक काकांना म्हणाली, "सामी, पोरगी साप मारते की काय?" काका: "अजून सापडला नाही."

३ जून
११८. जुना बोर्ड दाराला टेकवून पाहिला. भार डाव्या पायावर, धड फिरवून, मग हात. वरच्या कडेला पोचले. रेघ सरळ आली. दोनदा तपासली.
काकांना सांगितलं. ते "हं" म्हणाले. आमच्याकडे कोणी कोणाचे आभार मानत नाही, मलाही जमलं नाही. त्यांची कॉफी उंचावरून ओतून निववून दिली. उ. हाताने. त्यांनी पेल्याकडे नाही, खांद्याकडे पाहिलं. डोळे पुसले, म्हणाले डोळ्यांत वाफ गेली.

१७ जून, मद्रास
निघताना काकूने वडामांचा डबा दिला. "तू घातलेले नव्हेत," म्हणाली. प्रवासात निम्मे खाल्ले.
उद्या अकरा वाजता. खांदा दाबून धरून कोन मोजला तर अजून ११८च. पुरेल की नाही, माहीत नाही. बोर्डापुढे उभं केलं तर पोचते. कसं मोजणार ते पत्रात नाही. विचारलं तर धड फिरवते हे सांगेन.
न विचारता सांगावं का, ते अजून ठरत नाही.