सतराचा पाढा, खर्जासकट

रा. रा. विष्णुपंत यांना,

अंबरनाथहून रघुनाथचा नमस्कार, आणि तोही मनापासून, कारण तुमच्याशी माझं काहीच वाकडं नाही. तुमचा गुडघा आता जिना मानतो का? सोनिवलीच्या तुमच्या टॉवरची दुसरी लिफ्ट चालू झाली, की अजून तिला नुसताच हार घातलेला आहे? इकडे बाळ-बाळंतीण खुशाल. अनुया दोन्ही वेळा नीट जेवते आणि तुमची नात सबंध दिवसभर आळीला ऐकू जाईल इतकी रडते. (तुमचा अवधूत रविवारी येतो तेव्हा ती नेमकी झोपलेली असते, आणि तो जावईबापू "किती शहाणी आहे" म्हणून परत जातो.) बदलापूर पुढचंच स्टेशन असताना हा माणूस पत्र कसलं लिहितो, असं तुम्हाला वाटेल. पण तुमचा फोन माई विहीणबाई उचलतात, घरचा व्हॉट्सॲप ग्रुप त्यांनीच काढलेला आहे, आणि मला लिहायचं आहे ते त्यांच्याचविषयी आहे. शिवाय पाचवीच्या दिवशी आमच्या बैठकीत जे झालं तेव्हा तुम्ही खाली गाडीला जागा शोधत होतात. वर आलात तोवर सगळे पेढे खात होते. म्हणजे तुमच्या कानावर माईंची बाजू गेली असणार. ही माझी.

सुरुवात हेडफोनपासून झाली. सातव्या महिन्यात अनुया माहेरी आली तेव्हा तिच्या बॅगेत लाडवांच्या डब्याखाली ते निघाले. गर्भसंस्कार. माईंनी स्वतःच्या आवाजात अथर्वशीर्ष, दोन भजनं आणि एक अंगाई रेकॉर्ड करून पाठवली होती, आणि ती रोज संध्याकाळी पोटावर हेडफोन ठेवून बाळाला ऐकवायची, म्हणजे जन्मल्यावर बाळ आवाज ओळखतं, अशी सूचना होती. (डॉक्टरीणबाईंनी आवाज अगदी बारीक ठेवा एवढंच सांगितलं आणि हसल्या.) माईंचा गळा गोड आहे, कोणी नाही म्हणत नाही. पण जरा विचार करा विष्णुपंत. मुलगी माझी, घर माझं, तिच्या पोटात जातो तो आमच्या सौ. उमाच्या हातचा वरणभात, आणि त्या पोटावर रोज संध्याकाळी बदलापूर बोलतंय. मला हेवा वाटला. यासाठी एखादा सभ्य शब्द मिळतो का ते मी पाहिलं, मिळाला नाही. अनुया डोळे मिटून पडलेली असायची आणि मी समोर पेपर धरून एकच बातमी पुन्हापुन्हा वाचत असायचो.

शेवटी ठरवलं, आजोबांचाही आवाज गेला पाहिजे. आता मला गाता येत नाही आणि स्तोत्रं सगळी उमाची पाठ. मला पाठ आहेत ते पाढे, थेट तिसापर्यंत. (एकोणतिसाला आजकालची इंजिनिअर पोरंसुद्धा मोबाईल काढतात.) उमा म्हणाली, जन्माच्या आधीच पोरीला शाळेत घालताय. मी लक्ष दिलं नाही आणि बे एके बेपासून रेकॉर्ड केलं. पण माईंच्या हेडफोनमधून ते ऐकलं तर माझा आवाज डास गुणगुणावा तसा. उभा जन्म कंपनीत बॉयलरशेजारी ओरडून कमावलेला माझा खर्ज, त्याचा मागमूस नाही. ते हेडफोन बारीक, गोड गळ्यासाठीच घेतलेले होते. माईंनी मुद्दाम तसे निवडले असं मी म्हणत नाही. मला वाटतं, एवढंच.

म्हणून मी उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये गेलो. निवृत्त माणसाच्या खिशाला झेपतील असे, शब्द स्वच्छ ऐकवणारे आणि बेस दणदणीत असलेले हेडफोन द्या, म्हटलं. दुकानदार सिंधी, माणूस सरळ. तो म्हणाला, "साईं, बेस जास्ती घेतला तर शब्द दबणार. शब्द साफ घेतला तर बेस पोकळ. दोनो पायजे आणि सस्तेमें पायजे, तर बसा, टाइम लगेगा." बसलो. त्याने पहिली जोडी लावून दिली, तिच्यात त्याचं ठेवणीतलं गाणं असं धडधडलं की माझी कवळी हलली. दुसऱ्या जोडीत सगळं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं. मग त्यानेच सांगितलं की दुकानातल्या गाण्यावर जाऊ नका, त्यात सगळेच हेडफोन चांगले वाजतात; आपल्या ओळखीचा आवाज लावा, कमी करून ऐका, आणि तरीही शब्द कळले नि खाली खर्ज लागला तर माल चांगला. मी पाढे लावले. त्याने डोक्याचं माप विचारलं. मी सांगितलं की डोक्यावर नाही, पोटावर ठेवायचे आहेत, आणि ज्याच्यासाठी हवेत ते अजून जन्मायचं आहे. तो माणूस गडबडला नाही, पण त्याने चहा मागवला. मग मी एकेक जोडी शर्टावरून स्वतःच्या पोटाला लावून बेस जाणवतो का ते बघत उभा राहिलो. दुकानाबाहेर चार माणसं थांबली. एका बाईंनी हे ॲसिडिटीवर लागू पडतं का म्हणून विचारलं. पण विष्णुपंत, सातव्या जोडीत तो सापडला. सतराचा पाढा, अक्षर न् अक्षर सुटं, आणि खाली माझा खर्ज बेंबीपर्यंत. घासाघीस न करता मी ती घेतली, यावरून काय ते समजा.

त्या रेकॉर्डिंगमध्ये एक खोट होती, ती मला काढता आली नाही. सतरा पाचे पंच्याऐंशी म्हटल्यावर स्वयंपाकघरातून उमाने विचारलेलं आहे, "अहो, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या?" त्यावर मी "तीन" म्हणतो, आणि गोंधळून एकदम सतरा साते म्हणतो. (त्यामुळे नातीला सतरा सक जन्मभर अडणार.) तरी सकाळी माझे पाढे, संध्याकाळी माईंची अंगाई असं शेवटपर्यंत चाललं. पाढ्यांना बाळ लाथा मारायचं. मी ते बिल्डिंगभर सांगितलं. उमाच्या मते तो निषेध होता.

आता पाचवी. माई आल्या, त्यांनी नात मांडीवर घेतली आणि तिने टाहो फोडला. माईंनी अंगाई म्हटली, तीच ती. बाळ आणखी रडलं. खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. मी म्हटलं, मला द्या जरा, आणि घसा साफ करून सतराचा पाढा सुरू केला. बाळ निळंजांभळं झालं. मी पंच्याऐंशीपर्यंत आलो होतो, घामाघूम. तेवढ्यात उमाने आतून, नैवेद्याच्या गडबडीत, कोणाला म्हणून नाही, नेहमीच्या आवाजात विचारलं, "अहो, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या?"

बाळ गप्प. पाच दिवसांची मान जेवढी वळते तेवढी स्वयंपाकघराकडे वळवून ते ऐकत राहिलं. कोणी उत्तर दिलं नाही म्हणून उमाने पुन्हा विचारलं, आणि तुमची नात चक्क हसली. (अनुया म्हणते, गॅस झाला असेल.) माईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मोबाईल काढून त्यांना तो सतराचा पाढा ऐकवला. शिट्ट्यांचा प्रश्न आला तिथे त्यांनी तो थांबवला, मागे नेऊन पुन्हा ऐकला. मग म्हणाल्या, "रघुनाथराव, आपण दोघं उगाच घसा कोरडा केला." माझ्या विहीणबाईंविषयी मला आपुलकी वाटली ती त्या क्षणी, पहिल्यांदा.

पण हेवा काही गेला नाही. तो फक्त बदलापूरहून निघून आमच्याच स्वयंपाकघरात येऊन बसला. जिने त्या हेडफोनला हातसुद्धा लावला नाही, घरात हा आणखी एक पसारा कशाला म्हणून जिने नाक मुरडलं, तिचा पहिला नंबर लागला. आता बाळ रडलं की अनुया हाक मारते, "आई, शिट्ट्या विचार गं." उमा विचारते. बाळ थांबतं. मी शेजारीच असतो.

माईंना नमस्कार, अवधूतला आशीर्वाद.

आपला,
रघुनाथ

ता. क. हे पत्र कृपया माईंना दाखवू नये.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायला उमाकडे दिलं होतं, तिने वाचलं. तिचं म्हणणं, दोघी रोज दुपारी फोनवर बोलतात आणि माईंना सगळं माहीत आहे, दुकानातलं पोटसुद्धा. तेव्हा दाखवलंत तरी चालेल.

ता. क. तिसरा, आणि खरं तर एवढंच लिहायला बसलो होतो. बारसं झालं, सव्वा महिना सरला, की बाळ तुमच्याकडे येईल. तिथे माई असतील, अंगाई असेल, आणि आम्ही दोघं इथे. ती रडली की तुम्हाला उमाचा आवाज लागेलच. तो माझ्याच रेकॉर्डिंगमध्ये आहे, अवधूतच्या मोबाईलवर पाठवून ठेवतो. हेडफोन नकोत, एवढ्याशा कानांना ते चालत नाहीत. मोबाईल जरा लांब ठेवून लावा. फक्त एक विनंती आहे. अवधूत हुशार आहे, तो तेवढाच प्रश्न कापून घेईल. घेऊ देऊ नका. सतरा एके सतरापासून लावा. उमाचा प्रश्न पंच्याऐंशीनंतर येतो, आणि तिथपर्यंत पोरीला माझा आवाज ऐकावाच लागतो.