डोणगावचं दुहेरी सावधान

चिखली, चैत्र वद्य पंचमी

रा. रा. शालिग्रामभाऊले पुंजाजीचा मोठ्या आवाजात रामराम. (हळू आवाजात रामराम घालायची माही सवय केव्हाच गेली, तुले ठाऊक हाये.) इकडे आम्ही सारे बरे. तुह्या गुडघ्याचं कसं? नागपूरचं पाणी मानवलं का? वहिनीले नमस्कार, लेकरांले आशीर्वाद. गड्या, आपल्या कोकिळेचं लग्न वैशाखात ठरलं. पोरगा मेहकरचा, मास्तर हाये, गुणाचा हाये. पण घरात एका गोष्टीवरून रण पेटलं हाये: लग्नात भोंगे बांधायचे का नाई? अन्नपूर्णा म्हणते, मांडवात एक जरी भोंगा दिसला तर मी माहेरी जाईन. आता तूच सांग बे, साऱ्या तालुक्याची लग्नं मी गाजवली, अन् माह्याच पोरीचं लग्न मुकं लावू?

तिचंही चूक नाई म्हना. डोणगावचं तुह्या कानावर आलं नसन. तिथं भगवानरावांच्या पोराचं लग्न होतं. आपण दोघं होतो तवा दोन भोंगे अन् एक लिंबाचं झाड, एवढ्यावर भागत होतं. आता ज्याच्या गल्लीकडे भोंग्याचं तोंड नाई त्याचा अपमान होते. (डोणगावच्याच गुलाबरावांनी तर एवढ्यावरून लग्नपत्रिका परत पाठवली होती.) म्हून मी भोंग्यांचे झुबके करायचं ठरवलं. एक झुबका मांडवावर, एक पाराकडे, एक वेशीकडे. अन् ऐन वेळी फजिती नको म्हून आधी घरच्या अंगणात सारं डोणगाव मांडलं. चिखलाची घरं, सुपाचा मांडव, तुराट्यांचे खांब, अन् भोंगे म्हून धोतऱ्याची फुलं. ज्या फुलाचा आवाज जिथवर जाईन तिथवर हळदीचा पंखा काढला, अन् दोन आवाज एकमेकांवर चढले तिथं कुंकू टाकलं. झुबका जरा इकडे फिरव, हळद पुस, तिकडे फिरव, पुन्हा काढ. अन्नपूर्णेचा हळदीचा डबा खाली झाला, पण गावातलं एक घर कोरडं राह्यलं नाई. शेजारच्या अंबूबाईले वाटलं पूजाच मांडली. तिनं वेशीपाशी सुपारी ठेवली अन् पाया पडून गेली. फक्त शेवटी चिखल संपला, म्हून मांडवामागचं गुलाबरावांचं पत्र्याचं गोदाम तेवढं करायचं राह्यलं. म्हटलं, गोदामात कोन ऐकायले बसते?

तिथंच माती खाल्ली. भटजीनं पहिलं "सावधान" म्हटलं, ते गोदामाच्या पत्र्यावर आपटून परत आलं. पुढच्यांनी पहिल्या सावधानले अक्षता टाकल्या, मागच्यांनी दुसऱ्या. मग पुढच्यांले वाटलं आपलंच चुकलं, त्यांनी पुन्हा टाकल्या. अक्षता लवकरच सरल्या अन् बाया सैपाकाच्या तांदळावर हात मारू लागल्या. हेही खपलं असतं. पण वाजंत्रीवाले बसले होते गोदामाजवळ, सावधान मोजत. त्यांचा हिशेब अर्ध्यातच पुरा झाला, त्यांनी वाजवायले सुरुवात केली. वाजंत्री ऐकून मामांनी अंतरपाट सोडला, नवरीनं माळ घातली, अन् मुहूर्त अजून यायचाच होता! भगवानराव लालबुंद झाले. माळा काढून, अंतरपाट धरून, सारं पहिल्यापासून केलं, भोंगे बंद ठेवून. (नवरी हसून राह्यली होती, तेवढाच आधार.)

अन् शालिग्राम, त्या गर्दीत उभं राहून मले तुही लय आठवण आली. वडनेर भोलजीचा सप्ता आठवते का? मी लिंबावर चढून भोंगा धरायचो अन् तू गावाच्या पार त्या टोकाले, लाल रुमाल घेऊन. रुमाल वर गेला म्हंजे ऐकू येऊन राह्यलं, गरगर फिरवला म्हंजे आवाज दुहेरी येते. मग मी भोंगा वीतभर वळवायचो. कोकिळा तवा लहान, तुह्या खांद्यावर बसून तीच रुमाल फिरवायची, अन् कधी उगाच फिरवायची, मी झाडावर घामाघूम. मले वाटायचं आवाज माह्या मशीनचा चांगला हाये. कायचा चांगला! टोकाले तू होता म्हून चांगला होता.

उन्हाची काळजी घे. पत्र पाठव.
तुहा,
पुंजाजी

ता. क. : अन्नपूर्णा म्हणते, शालिग्रामभाऊजी रुमाल घेऊन येत असतीन तर खुशाल भोंगे बांधा. तवा तू यायलेच पाह्यजे.

आणखी ता. क. : वरचं मी आपल्या मनानं लिहिलं. कोकिळेनं पत्र आईले वाचून दाखवलं, अन् आता भोंग्यांले कुलूप लागलं हाये, किल्ली अन्नपूर्णेच्या कनवटीले. जाऊ दे. अंगण एवढंसं हाये, भटजी खोकलला तरी शेवटच्या माणसाले ऐकू येईन. पण कोकिळा म्हणते, काका टोकाले पाह्यजेत. तू ये, गड्या. रुमाल घेऊन ये. पोरगी सासरी जायले निघन तवा माह्या तोंडातून शब्द फुटनार नाई. तुले ऐकू आलं नाई तरी तू रुमाल वर कर.