माझा भाऊ सायकल चालवतो

४ जून
काम्वेंडो सर आज चिडलेच. ब्रिटनमधल्या नर्सच्या नोकरीसाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या तोंडी परीक्षेचा सराव. प्रश्न साधा — तुमच्या घरी सायकल कोण चालवतं? मी म्हटलं, "कोणी नाही."
"झालं? अहो सिस्टर, एवढ्याशा इंग्रजीवर ब्रिटनचं हॉस्पिटल राहू द्या, आपल्या ब्लँटायरचा विमानतळसुद्धा दिसायचा नाही! दोन-तीन वाक्यं बोला. भाऊबिऊ आहे ना कोणी?"
"भाऊ चालवायचा."
"'चालवायचा' कशाला? आजचं बोला. चालवतो. रोज बाजारात जातो, मला मागे बसवून ड्यूटीवर सोडतो."
मी गपचूप लिहून घेतलं. भावाचं, लिंबानीचं, नाव घातलं. उत्तर छान झालं. फारच छान!

७ जून
चुलीवर मक्याच्या पिठाचा नसिमा घोटता घोटता पाठ करत होते. आई शेंगा सोलत बसलेली. तिला इंग्रजी येत नाही, पण पोराचं नाव कळणारच की.
"लिंबानीचं काय बोलतेस गं?"
"परीक्षेचं आहे, आई. तो रोज बाजारात जातो, असं."
"परत म्हण."
म्हटलं. परत म्हटलं. शेंगा तशाच राहिल्या.

दोन पावसाळ्यांपूर्वी डोंगर खाली आला, तेव्हा लिंबानी खालच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांना सायकलवर बसवून वर आणत होता. शेवटच्या खेपेला गेला तो गेलाच. ना तो मिळाला, ना सायकल. मी वॉर्डात जखमींमध्ये अडकलेली. शोधायला आई गेली, रिकाम्या हातांनी परत आली. घरात रडणं नाही, विधी नाही, काहीच झालं नाही. ती अजून वाट बघते आहे — मला कळतं ना!

१२ जून
सर म्हणतात, बारकावे घाला. म्हणून घातलं — दर रविवारी तो सायकल पुसून लख्ख करतो. साफ खोटं! लिंबानीनं जन्मात कधी सायकलला फडकं लावलं नाही. चेन कुरकुरायची नुसती.
पण आज डोळे मिटले तर तो अंगणात उकिडवा बसलेला, हातात फडकं. आणि ती कुरकुर काही केल्या आठवेना. खराखुरा लिंबानी माझ्याच हातून पुसला जातोय का?

१५ जून
मागून घंटी वाजली. बाजूला झाले. रस्ता रिकामा.

१९ जून
आई आता रोज संध्याकाळी विचारते, "आज काय केलं त्यानं?" मी नवं वाक्य सांगते. ती हसते. आज तिनं थोडे सुके मासे वाटीत काढून झाकून ठेवले. कोणासाठी, ते विचारायचा धीर झाला नाही. हे काय करून बसले मी!

२३ जून
सरांना खरं सांगितलं. त्यांनी हातातला खडू खाली ठेवला. "मग 'चालवायचा'च म्हणा, सिस्टर. त्यानं गुण कमी होत नाहीत."
घरी तसं म्हणून बघितलं. आईचा हात थांबला.
"आज निराळं बोललीस."
"नाही गं."
"कालचंच म्हण."

३० जून
परीक्षा झाली. नेमका तोच विषय — सायकल! परीक्षक बाई हसतमुख. पाठ केलेलं तोंडातून येईचना. म्हटलं, "माझा भाऊ चालवायचा. लोकांना वाचवताना तो मेला." पहिल्यांदाच, मोठ्यानं. मग कागदावरचा पुढचा प्रश्न — तुमच्या देशात सायकली लोकप्रिय आहेत का?
हो, म्हटलं. खूप.

१ जुलै
आईला सांगून टाकलं — तो मेला, असं बोलून आले. वाटलं, आता मोडून पडेल.
"मला माहीत आहे," ती म्हणाली. "सगळ्यांना एकाच खड्ड्यात पुरत होते, तिथं पाहिलं मी त्याला. माती टाकली. घरी आले तर तू दारात उभी. 'मिळाला नाही ना? म्हणजे आहे कुठंतरी!' — तूच म्हणालीस. मग कसं सांगायचं होतं मी?"