न शेकलेल्या स्प्रिंगा

नाना, तुम्हाला जाऊन इतका काळ लोटला आहे की रागवायचं म्हटलं तरी समोर एक फोटोच आहे आणि त्यातही तुम्ही हसता आहात. तरी मी रागावले आहे. माझी शाळा सगळी हिंदीत झाली, नोकरी इंग्रजीत, त्यामुळे लिहिताना मराठी अडखळते. पण घरात हिंदीत बोललेलं तुम्हाला चालत नसे, ‘बाहेरची चप्पल बाहेर’ म्हणायचात, तेव्हा तुमच्याशी भांडायचं तर मराठीतच.

देवासचा तो कारखाना अजून डोळ्यांसमोर आहे. ट्रॅक्टरच्या आणि रेल्वेच्या स्प्रिंगा बनवणारा, पत्र्याच्या छपराचा. तुम्ही तिथे तपासणीचे प्रमुख. तुमच्या खोलीतून आरपार गेल्याशिवाय एकही स्प्रिंग बाहेर पडत नसे. आणि भट्टीवर होते धारचे काका. नाव घेत नाही. ते आपल्याकडे कधी नावाने ओळखलेच गेले नाहीत. धारचे म्हणून धारचे काका. दर रविवारी आपल्याकडे जेवायला असायचे. आई बाफले, म्हणजे उकडून भाजलेल्या कणकेच्या बाट्या, करायची, ते तूप नको नको म्हणत आणि मग ताट पुढे करत. मला सायकलच्या दांडीवर बसवून टेकडीच्या पायथ्यापर्यंत फिरवून आणायचे. एकदा त्यांनी मला तपासणीत नापास झालेली एक लहानशी स्प्रिंग आणून दिली. मी ती दाबून सोडली तर थेट फोडणीच्या डब्यात. आई ओरडली आणि तुम्ही दोघं पोट धरून हसलात. तुम्हाला तसं हसताना मी नंतर फारसं पाहिलं नाही. का, ते आता कळतं.

अकरावीत मी भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकात एक आकडा जुळवून लिहिला होता. आलेख सरळ यावा म्हणून. तुम्ही वही बघता बघता थांबता, चष्मा वर करता. ‘हा बिंदू खरा आहे?’ मी वही मिटायला बघते. मग तुम्ही आवाज न चढवता म्हणता, ‘माप घ्यायचं असतं, जुळवायचं नसतं. उद्या तुझ्या आकड्यावर कुणीतरी पाय ठेवून उभं राहणार आहे.’ मी रडले. दुसऱ्या दिवशी सरांना सांगून प्रयोग पुन्हा केला. नाना, मी इंजिनियर झाले ती त्या एका वाक्यामुळे. हे मी किती जणांना सांगितलं असेल, त्याला सुमार नाही.

आणि मी इंजिनियरिंगला इंदूरला निघाले, त्या दिवशी तुम्ही मला ती दुसरी गोष्ट सांगितलीत. कारखान्याला उपग्रहाच्या कामाची छोटीशी ऑर्डर मिळाली होती, तेव्हाची. उपग्रह रॉकेटच्या माथ्यावर पट्ट्याने घट्ट बांधलेला असतो. वर पोचल्यावर पट्टा सुटतो आणि खालच्या स्प्रिंगा उपग्रहाला हलकेच ढकलून मोकळा करतात. सगळ्यांचा जोर सारखा हवा. एक जरी कमी पडली तर उपग्रह गिरक्या घेत जातो. या स्प्रिंगांवर गंज चढू नये म्हणून धातूचा मुलामा देतात, आणि मुलामा देताना पोलादात हायड्रोजन शिरतो. तो काढायला लगेच त्या मंद आचेवर तासन्‌तास शेकाव्या लागतात. नाही शेकल्या तरी वरून काही दिसत नाही. मापात बसतात, चकाकतात. आणि मग कधीतरी, दाबून ठेवलेल्या असताना, कुणी हातही न लावता तडकतात. तुम्ही सांगितलंत की शेवटच्या खेपेच्या स्प्रिंगा भट्टीवरच्या माणसाने शेकल्याच नाहीत, आळस केला, झोपला असेल. त्यातली एक दक्षिणेतल्या उपग्रह केंद्रात चाचणीच्या बाकावर तडकली, काम गेलं, कारखान्याची अब्रू गेली. ‘धारचे काका?’ मी विचारलं. ते तोवर केव्हाच यायचे बंद झाले होते. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, ‘माणूस ओळखायला चुकलो मी.’ मला तुमची दया आली होती, नाना. दया!

पुढचं तुम्ही पाहिलंत. मी दक्षिणेत त्याच कामाला लागले, उपग्रह रॉकेटपासून वेगळा करणाऱ्या यंत्रणेवर. आमच्याकडे नवीन मुलं आली की पहिल्या आठवड्यात मी त्यांना तुमची गोष्ट सांगायचे. शाळांमध्ये बोलावलं की तिथेही. एक प्रामाणिक तपासनीस आणि एक आळशी भट्टीवाला. पोरांना पटकन कळायचं. टाळ्या पडायच्या.

गेल्या हिवाळ्यात धारच्या एका मुलींच्या शाळेने बोलावलं. आमचा एक उपग्रह नुकताच नीट वर गेला होता, सगळीकडे त्याचं कौतुक चाललं होतं. मी ती गोष्ट सांगितली, नेहमीसारखी, हिंदीत. ‘एक आलसी आदमी की वजह से,’ असं म्हणताना मी हाताने झोपेची खूणसुद्धा केली आणि मुली हसल्या. कार्यक्रम संपल्यावर नववीतली एक मुलगी एका म्हाताऱ्या गृहस्थांचा हात धरून आली. ‘मॅम, ये मेरे आजोबा हैं. ये भी देवास में स्प्रिंग बनाते थे.’ पोरीला काही ठाऊक नव्हतं. किती आनंदाने ती सांगत होती! त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘ओळखलंस का, बेटा?’ कपाळ तेच होतं, आवाज तोच. मी खाली वाकले, तर पायांना हात लावू न देता म्हणाले, ‘मोठी झालीस. छान बोलतेस.’ बस, एवढंच. नातीने हात ओढला आणि ते निघाले. दाराशी थांबून मागे वळले. ‘एक म्हणू? आळशी नको म्हणत जाऊस. भट्टीवर मी कधी डोळा लागू दिला नाही.’

मी इंदूरची गाडी जाऊ दिली, रात्री धारलाच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्ता काढत त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, पुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या स्प्रिंगांचे पाटे दुरुस्त करायचं लहानसं दुकान. कारखाना सुटल्यापासून त्यावरच घर चाललं. काका खाटेवर बसले होते. काकूंनी पोह्यांची बशी माझ्यापुढे जरा जोरातच ठेवली. मी विचारलं, ‘काका, त्या दिवशी काय झालं होतं?’

‘जाने दो ना आता. नाना गेले, आपणही चाललोच.’

‘कशाला जाने दो?’ काकू म्हणाल्या. ‘कल पूरे स्कूल के सामने इन्होंने सुना. नात बाजूला बसली होती! तुम्ही नाही सांगत तर मी सांगते.’

मग काकांनीच सांगितलं, थांबत थांबत. स्प्रिंगा मुलाम्यातून आल्या होत्या. भट्टी तापलेली होती. बाहेर ट्रक उभा, मालक ओरडतोय, ‘भिया, गाडी निकालो, माल आजच गेला पाहिजे.’ काका तुमच्याकडे आले. म्हणाले, ‘नाना, शेकल्याशिवाय नको.’ आणि तुम्ही म्हणालात, ‘एकदा नाही शेकल्या म्हणून कुठे तडकतात? जाऊ दे. मी पास करतो.’ तुम्ही, नाना. तुम्हाला हायड्रोजन ठाऊक होता, तरी म्हणालात.

मग चौकशीला माणसं आली. मालकाच्या खोलीत तुम्ही दोघं उभे. विचारलं गेलं, शेकल्या का नाहीत? ‘नानांनी माझ्याकडे पाहिलंच नाही,’ काका म्हणाले. ‘म्हणाले, भट्टीवरचं काम याचं, झोप लागली असेल.’

‘आणि तुम्ही बोलला नाहीत?’

‘मला वाटलं, बाहेर गेल्यावर काही सांगतील. सांगितलं पण. जिन्यात खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, मी गेलो तर तपासणीचं काम कारखान्यात कुणाला जमणार नाही, तू थोडे दिवस धारला जा, मी स्वतः येऊन तुला परत नेतो.’ काका जरा हसले. ‘मी वाट बघितली, बेटा. बराच काळ बघितली. दुसरीकडे नोकरी धरली नाही, नाना आले आणि मी नसलो तर?’

देवासपासून धार असं कितीसं लांब आहे, नाना? सकाळी निघालं तर रात्रीच्या जेवणाला परत घरी. इंदूरला तर तुम्ही दर महिन्याला जात होतात. तिथून पुढे एक बस. भीतीपोटी माणूस एकदा खोटं बोलतो, ते मला समजतं. मलाही वरिष्ठांची भीती वाटली आहे, माझ्याही बाकावर माल अडकला आहे आणि बाहेर ट्रक उभा राहिला आहे. पण त्या जिन्यातला खांद्यावरचा हात मला समजत नाही. तुम्ही त्यांना नुसतं काढलं नाहीत, आशेला लावून बसवलंत.

मी तशीच देवासला आले. आई गॅलरीत हिरवे हरभरे सोलत बसली होती. मी चप्पल काढायच्या आत विचारलं, ‘धारच्या काकांचं तुला ठाऊक होतं?’

तिचे हात थांबले. ‘कोण भेटलं?’

‘ठाऊक होतं का?’

‘होतं.’ मग पुन्हा सोलायला लागली. ‘यांनी शपथ घातली होती. नंतर यांना जेवण जात नसे, रविवारी तर नाहीच. मी म्हटलं, जाऊन या धारला. म्हणायचे, कोणत्या तोंडाने जाऊ.’

‘आणि मला? मी गावोगाव ती गोष्ट सांगत हिंडत होते, तुझ्यासमोर सांगितली!’

‘तू किती अभिमानाने सांगायचीस गं,’ आई म्हणाली. ‘तुझ्या बापाचं तेवढं एकच चांगलं तुझ्याजवळ होतं असं नाही, पण तेच तुला सगळ्यात आवडायचं. ते कसं काढून घेऊ?’

मला सगळ्यात जास्त कशाचा संताप आला, सांगू? तुम्ही ती गोष्ट मला शिकवण म्हणून दिलीत. चौकशीपुढे खोटं बोललात ते नोकरीसाठी. माझ्यापुढे कशासाठी बोललात? मी काही तुमची नोकरी घेणार नव्हते. मला खरं सांगितलं असतं, की अगं, मी असा घाबरलो आणि असा मित्र गमावला, तर मी त्यावरही शिकले असते. कदाचित जास्तच शिकले असते. तुम्ही मात्र माझ्या हातात खोटं माप दिलंत आणि वर सांगितलंत, यावर उभी राहा. मी उभी राहिले. इतकी वर्षं एका सज्जन माणसाला मी भर सभेत झोपाळू म्हणत आले, तुमच्या आवाजात.

त्याच आठवड्यात देवासच्या आपल्या मराठी मंडळात माझं व्याख्यान ठरलेलं होतं. तिथे बहुतेक मंडळी तुमच्या ओळखीची, निम्मी कारखान्यातली निवृत्त. मी काकांना फोन केला की खरं सांगणार आहे, तुम्ही मंचावर बसा. ते नको म्हणाले. ‘गेलेल्या माणसाची अब्रू काढून मला काय मिळणार?’ काकूंनी त्यांच्या हातातून फोन घेतला. ‘बाई, तुम्ही सांगा.’

मी सांगितलं. मराठीत सांगितलं, जे आलं तसं. ट्रक, मालक, जिना, सगळं. प्रत्येक वेळी ‘माझ्या वडिलांनी’ असंच म्हटलं, शब्द बदलला नाही. दोघं-तिघं उठून गेले. तुमच्या शेजारच्या टेबलावर बसणारे एक गृहस्थ शेवटी उठले आणि म्हणाले, ‘ताई, घरातली गोष्ट घरात राहिली असती तर बरं झालं असतं.’ मी म्हटलं, ‘ती घरातच राहिली होती, काका. बाहेर एक माणूस राहिला होता.’ टाळ्या पडल्या नाहीत. आभार मानणाऱ्यांनी तुमचा उल्लेख घाईघाईने गाळला.

बाहेर ओसरीत आले तर धारचे काका तिथे उभे. आत बसायला संकोच वाटला म्हणून कर्ण्याखाली उभं राहून ऐकत होते, नात बरोबर होती. पोरगी रडत होती, ते नव्हते. माझ्या मागून आई आली. मला वाटलं, आता काय होणार. आईने हात जोडले. काका म्हणाले, ‘वहिनी, गुडघे दुखतात का अजून? थंडीत तुम्हाला त्रास व्हायचा.’ आई तिथल्या पायरीवर बसून रडली. तिचं रडणं संपेपर्यंत ते तिच्या बाजूला बसले. मग आम्ही सगळे घरी गेलो, आईने त्यांना आग्रह करून जेवायला वाढलं.

जेवताना ते तुमच्याबद्दल चांगलंच बोलत होते. तुमच्या बोटांना स्प्रिंगचा जोर कसा कळायचा, तुम्ही कुणाच्या पोराला स्वतः शिकवलंत, असं. त्यांनी तुम्हाला माफ केलं असेल. आईने तर कधीच केलं आहे. मी केलेलं नाही, नाना, आणि होईल असंही वाटत नाही. मुलांना मी आता ती गोष्ट खरी सांगते. ती पूर्वीपेक्षा जास्त शांतपणे ऐकतात आणि कुणी हसत नाही.

हे लिहून झालं की फाडणार आहे; ठेवलं तर आई इकडे राहायला येईल तेव्हा तिच्या हाती लागेल. पण एक राहिलं. यंदा पितृपक्षात तुमच्या तिथीला आईने बोलावलं, तेव्हा मी सांगितलं की चाचणी चालू आहे, रजा मिळत नाही. चाचणी नव्हती. रजा मिळाली होती. दिवसभर मी इथे घरीच होते.