बरगड्या सोडून काढलेले फोटो

खर्डा, मंगळवार, संध्याकाळ

शेजारच्या मंगलताई ऊसतोडीला गेल्या, त्याला आज आठ दिवस झाले. त्यांचा कुत्रा पिंट्या माझ्याकडे आहे. रोज त्याचा एक फोटो पाठवा, एवढंच त्यांनी मागितलं होतं. आज उतरत्या उन्हात पिंट्याचा चेहरा आणि मागे किल्ल्याचा बुरूज, असा सुरेख फोटो जमला. पाठवला. लगेच फोन.

"भाऊ, किल्ला कशाला दावता? किल्ला उपाशी ऱ्हातो व्हय? आडवा फोटू काढा. बरगड्या दिसू द्या मला."

पकडला गेलो. चार दिवस मी फक्त चेहराच घेतोय. सहज? नाही. पिंट्या भाकरीला तोंड लावत नाही, आणि त्याच्या बरगड्या मोजता येतात. तिकडे फडात त्यांच्या जिवाला घोर नको, अशी मनाची समजूत घालत होतो. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर म्हणून आयुष्यभर बातमीला नको ते फोटोतून कापत आलो, तीच सवय.

शेवटी खरं सांगितलं. ताई म्हणाल्या, "फोन ठिवा त्याच्याम्होरं." आणि कडाडल्या, "ए मुडद्या! भाऊंना तरास देतो व्हय? खा गुमान!"

पिंट्याने मोबाईल हुंगला. त्याच्याभोवती दोन चकरा मारल्या आणि त्याला खेटून बसत भाकरी खायला लागला. काय फ्रेम होती! पण कॅमेरा त्या मोबाईलमध्येच.

"ताई, खातोय. फोन ठेवता का जरा? फोटो काढतो."

"ऱ्हाऊ द्या भाऊ. ऐकू येतंय मला."