पठारावर तुझ्या नावाचं झाड नको

आत्या,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं, मग खोडलं. ज्याची खात्री नाही ते कागदावर उतरवायचं नाही, हे तूच शिकवलंस.

तुला जाऊन चार महिने झाले. आजच लिहायला बसले, कारण सोमवारी मला ऑफिसात एक फॉर्म द्यायचा आहे आणि त्या फॉर्ममध्ये तू आहेस. तुझं नाव नाही, तुझं काम आहे.

मी नोकरीत नेमकं काय करते हे तू कधी पूर्ण ऐकून घेतलं नाहीस. आता ऐक, मध्ये बोलायची सोय नाही तुला. शहराभोवतीच्या जमिनीचा आम्ही नकाशा करतोय. वन कुठे, गवताळ माळ कुठे, पाणथळ कुठे, माणसाने केलेली लागवड कुठे आणि खरोखरची पडीक जमीन कुठे. उपग्रहाच्या चित्रावरून संगणक रंग भरतो. मग आमच्यापैकी कुणीतरी त्या जागी जाऊन उभं राहतं आणि संगणक खरं बोलतोय का ते बघतं. उद्या आराखडा करणारे हाच नकाशा पुढे ठेवून ठरवणार, कुठे बांधायचं, कुठे झाडं लावायची आणि कुठे हात लावायचा नाही.

या वेळी माझ्या वाट्याला आपली टेकडी आली.

मी आमच्या गटप्रमुख सुनीताताईंना म्हटलं, तिथे माझ्या आत्याने झाडं लावली आहेत, मी निःपक्षपाती राहणार नाही, दुसऱ्या कुणाला पाठवा. त्यांनी मान वरही केली नाही. “अनघा, मग पुण्यातली एकही टेकडी कुणाला देता येणार नाही. प्रत्येक टेकडी कुणाच्या ना कुणाच्या आत्याचीच आहे.”

गेले.

पायथ्यापासून वरपर्यंतचा उतार संगणकाने गडद हिरवा रंगवलाय आणि त्यावर लिहिलंय ‘वन’. वन म्हणे! सगळी तुझी ग्लिरिसिडिया, ती भराभर वाढणारी परदेशी झाडं, एका वयाची, एका उंचीची, कवायतीला उभी केल्यासारखी. खाली वाळलेला पाला. मी गुडघ्यावर बसून पाला बाजूला केला. गवताची एक काडी नाही. कुसळी, पवन्या, मारवेल, ही नावं मला कुणी शिकवली? याच उतारावर, माझं बोट धरून, एकेक तुरा हातात देऊन? त्यांच्यावर सावली धरताना तुला एकाचंही नाव आठवलं नाही?

उताराच्या वर पठार आहे, तुमच्या झाडं लावणाऱ्या गटाचा हात पोचला नाही तेवढा शेवटचा तुकडा. तो संगणकाने फिकट पिवळा केलाय आणि लिहिलंय ‘पडीक’. तिथे गुडघाभर कुसळी वाळून सोनेरी झाली होती आणि वर डोंबारी चंडोल होता. चिमणीहून लहान जीव. शीळ घालत आभाळात चढतो आणि दगड टाकावा तसा खाली येतो, पुन्हा चढतो. एका जागी बसून मी तासभर बघत राहिले. संगणकाला तो दिसत नाही, ते समजू शकते. तुला दिसत होता.

परवा आपटे काकांचा फोन आला. तुझ्या रविवारच्या गटाचे आता तेच प्रमुख. पठारावर तुझ्या नावाचं स्मृतिवन करायचं ठरलंय. पाऊस यायच्या आत खड्डे घ्यायचे आणि पहिलं रोप माझ्या हातून लावायचं. मग घसा साफ करून म्हणाले, परवानगीचं काम सोपं होईल, नकाशात तेवढं ‘पडीक’ राहू दे, तू तिथेच आहेस ना.

मी “बघते” म्हणाले. नाही म्हणायला हवं होतं. पण मी तर शोकसभेतही बोलले होते, ‘आत्याने टेकडी हिरवी केली.’ दोनशे माणसांसमोर, माइकवरून. खाली बसताना कान तापले होते. लोकांना वाटलं, मला रडू येतंय.

तुला हे जिवंतपणी सांगितलं नव्हतं असंही नाही. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी भीत भीत सांगितलं होतं की हा मूळचा गवताळ माळ आहे, तो तसाच राहायला हवा. तू भाजी निवडत होतीस. “तुमचं गवत मार्चमध्ये मरतं. माझी झाडं मेमध्ये उभी असतात.” मी म्हटलं, मरत नाही, वाळतं, मुळं जिवंत असतात. तर म्हणालीस, “मेलेलं आणि वाळलेलं ओळखायला एम.एस्सी. लागते का?” आई-बाबा हसले. मीही हसले. त्याचा राग अजून आहे, तुझ्यावर आणि स्वतःवरही.

फॉर्ममध्ये एक रकाना आहे, ‘पूर्वी येथे काय होते? पुरावा?’ पुरावा शोधायला मी तुझं कपाट उघडलं. खाकी कव्हरातल्या माझ्या वह्या तू रचून ठेवल्या होत्यास. शाळेच्या फाटकाशी मला रोज उलटी व्हायची म्हणून तू बाबांना म्हणालीस, पोरगी तिसरीपर्यंत माझ्याकडे दे, मी घरीच शिकवते. त्या वर्षांच्या वह्या.

दुसरीच्या वहीत माझं अक्षर: ‘आज मी चंडोलाचे घरटे पाहिले. ते जमिनीवर होते. कडेला बारीक खडे लावले होते. आत दोन अंडी होती.’ खाली तुझं लाल पेन: ‘निरीक्षण उत्तम.’

तिसरीच्या वहीत: ‘आज आम्ही उतारावर खड्डे घेतले. चंडोल आता कुठे राहील?’ आणि तुझं लाल पेन: ‘झाडावर. आपण त्याला घर दिले. उत्तर पूर्ण वाक्यात लिही.’ मी लिहिलं, ‘चंडोल आता झाडावर राहील.’ बरोबरची खूण.

आत्या, तो झाडावर घरटं करत नाही. तुला ठाऊक होतं. तूच मला पोटावर झोपवून दाखवलं होतंस! तुला माहीत नव्हतं, अशी मी इतकी वर्षं माझी समजूत घालत होते. ही वही नसती तर आयुष्यभर घातली असती. आणि मलाही ठाऊक होतं. आठ वर्षांची होते, लाल फुलीला घाबरत होते, म्हणून चुकीचं वाक्य सुवाच्य अक्षरात लिहिलं. खड्डाही मीच खणला, त्या घरट्याच्या जागेपासून हातभर अंतरावर.

का केलंस? टाळ्या पडतात म्हणून? गवताबरोबर फोटो निघत नाही म्हणून? झाड लावलेलं दिसतं, माळ राखलेला कुणाला दिसत नाही, एवढंच का?

एक गोष्ट लपवली तर हे पत्र खोटं होईल. ते घरटं शोधलं तू होतंस. माझा पाय उचललेला होता, तू हवेतच धरलास. त्या सकाळी मला पहिल्यांदा कशाचीही भीती वाटली नव्हती, आणि मी आज जे काम करते ते त्या सकाळपासून करतेय. राग म्हणूनच एवढा आहे. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर फॉर्म भरून घरी येऊन जेवले असते.

आज दुपारी मी आपटे काकांना फोन केला.

“काका, पठार गवताळ माळ आहे. मी तसंच लिहितेय. रोपं लावता येणार नाहीत.”

“अगं, गवतच तर आहे.”

“हो. तेच लिहितेय.”

“तिला काय वाटलं असतं?”

“राग आला असता.”

“मग?”

“मग काय. आला असता.”

“अगदी तिच्यावर गेलीस,” म्हणाले आणि फोन ठेवला. गटातली माणसं आता बोलणार नाहीत माझ्याशी. बाबा तेव्हापासून पेपर तोंडासमोर धरून बसलेत.

फॉर्म भरलाय. पठार: नैसर्गिक गवताळ माळ. उतार: वन नव्हे, लागवड. लागवड कुणी केली, या रकान्यात ‘माझी आत्या आणि मी’. पुराव्याला दुसरीच्या वहीचं पान जोडलंय, तुझ्या लाल शेऱ्यासकट. तिसरीचंही जोडलंय. नुसतं पहिलं जोडलं असतं तर तू चांगली दिसली असतीस, आणि मीही.

तुझी ग्लिरिसिडिया आता उतारावरून पठाराच्या कडेला चढायला लागलीत. त्यांना कुणी लावलेलं नाही, शेंगा फुटून बी पडतं. वीतभर रोपं आहेत, आत्ता हाताने निघतील. अंगणात तण काढताना तू माझ्या मागे उभी राहायचीस आणि वरवर ओरबाडलेलं तण मला पुन्हा काढायला लावायचीस.

तर हा शब्द देते. दर वर्षी तुझ्या तिथीला मी पठारावर येईन, तुझं खुरपं घेऊन. तुझ्या नावाने एकही झाड लावणार नाही. तुझी जेवढी वर चढलेली दिसतील, तेवढी मुळासकट काढीन.

तुझी विद्यार्थिनी,
अनघा