खोकणाऱ्यांची सुट्टी

प्रिय धाकट्या,

फोनवर तुझ्यामागे कुणीतरी सारखं हाका मारत असतं, आणि माझं निम्मं बोलणं घशातच राहतं, म्हणून लिहायला बसले. इथे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत असते, ती या वेळी मोडते. गुडघे कुरकुरतात, गच्चीवरची टाकी गळते, आणि तुझ्या भावोजींनी पलंग खिडकीपाशी ओढून घेतलाय. जिना उतरणं त्यांनी बंद केलं. मिस्त्री हल्ली दिसत नाहीत म्हणून शेजारीण विचारते, तर मी सांगते, आराम चाललाय. ज्या माणसाला जन्मात बसून राहायचं माहीत नाही, त्याचा आराम बघवत नाही रे.

आठवतं, तू त्यांच्या हाताखाली ओट्याचे दगड कापायला शिकायला आलास ते? संध्याकाळी दोघं परत यायचात ते नखशिखांत पांढरे. मी तुम्हाला दारातच अडवून कपडे झाडायला लावायची. केस पिकायला लोकांचं आयुष्य जातं, आमचं काम दुपारपर्यंत उरकतं, असं तू म्हणायचास, आणि आम्ही तिघं त्या धुळीत उभे राहून पोट धरून हसायचो. काही वर्षांनी तुझ्या जिभेनं तुला तिथून बाहेर काढलं. बोलणाऱ्याची मातीही विकली जाते म्हणतात, तू तर दगड विकलेस. आता कारखानदारांच्या संघटनेत खुर्ची आहे तुला. मला त्याचं कौतुक आहे, उगाच नाही म्हणत.

परवा तू आनंदाची बातमी म्हणून सांगितलंस. दगड कापणाऱ्यांच्या छातीच्या आजारावर डॉक्टर संशोधन करतायत, त्याला तुमच्या संघटनेनं पाठबळ दिलं, तपासणीची गाडी दिली, त्या दिवसाचा पगारही कापू दिला नाही. आणि निकाल असा की कारखान्यातल्या जवळजवळ सगळ्यांची फुप्फुसं ठणठणीत. तेव्हा पुढच्या बैठकीत ही मदत थांबवायची, आजारच नाही तर शोधायचं काय! मी नुसतं बरं म्हटलं.

अरे, डॉक्टर येणार म्हणून आदल्या दिवशी सगळा कारखाना धुऊन काढला होता. आणि जे खोकतात त्यांना तुझ्या भावोजींनी घरी बसायला सांगितलं, तेव्हा ते अजून मिस्त्री म्हणून कामावर जात होते. मालकानं सांगितलं नव्हतं, तुम्हीही नाही. मोठी माणसं आपल्यासाठी एवढ्या लांबून येणार, त्यांच्यासमोर कुणी खॉक खॉक करत बसलं तर बरं दिसेल का, एवढाच त्यांचा विचार. पाहुणे यायचे म्हटल्यावर आपण फाटकी गोधडी आत नाही का सारत, तसंच. तो पॉलिशवाला, ज्याचं एक वाक्य एका दमात पुरं होत नाही, तोही भरपगारी सुट्टी मिळाली म्हणून खुशीत घरी गेला. मग यांनी स्वतःलाही सुट्टी दिली. दिवसभर इस्त्रीचा सदरा घालून खिडकीत बसले होते, आणि आता त्या श्वास मोजायच्या नळीत फुंकायला लागले असतील का, असं मलाच विचारत होते.

डॉक्टरांनी समोर होते त्यांना तपासलं. त्यांचं काय चुकलं? आणि जे आधीच काम सोडून अंथरुणाला खिळलेत, त्यांच्या दारापर्यंत तर गाडी गेलीच नाही. कुणी मुद्दाम लबाडी केली असती तर मी चार शिव्या घालून मोकळी झाले असते. इथे सगळेच चांगुलपणानं वागले, त्यामुळे कुणावर ओरडावं तेही कळत नाही. दमले मी.

तर बैठकीत हे सांग. मदत थांबवू नका, गाडी घरोघरी पाठवा. सुरुवात आमच्याकडूनच कर, डॉक्टरांना म्हणावं जिना चढून वर या. हे तयार झालेत. आपण फुंकल्यावर काटा हलणारसुद्धा नाही, फजिती होईल, म्हणून थोडे कुरकुरले. मी म्हटलं, होऊ दे की एकदा फजिती, सगळ्यांसमोर होऊ दे.

पण एवढ्यासाठी मी कागद घेतला नसता, हे फोनवरही सांगता आलं असतं. ती बातमी सांगताना तू हसलास, आणि हसता हसता खोकलास. बारीक, कोरडा खोकला, लगेच गिळलास, आणि एसीचा त्रास होतो म्हणालास. यांनीही आधी पंख्याचंच नाव घेतलं होतं. त्या खोकल्याशेजारी मी इतकी वर्षं झोपले आहे रे, आपल्या माणसाचं पाऊल जिन्यावर ओळखावं तसा तो मी ओळखते. देव करो आणि माझे कान खोटे ठरोत. मला फार भीती वाटते. तेव्हा बैठकीआधी तू त्या गाडीत जा. साहेब म्हणून नको, माझ्या दारात पांढरा होऊन उभा राहायचास तो म्हणून जा, आणि नळीत फुंक. भावोजींसारखी स्वतःला सुट्टी देऊ नकोस.

अजूनही तुला दारातच अडवणारी,
तुझीच,
ताई